या घासाबद्दल

आमचे हे न्हावी. सलून छोटंसं, दोन खुर्च्यांचं, पण गिऱ्हाईक लांबून यायचं ते केस कापायला कमी आणि यांच्या गप्पा ऐकायला जास्त. कातर थांबली तरी जीभ थांबायची नाही. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या सासऱ्यानं विग घेतला, सगळं त्या आरशासमोर. तोंडात तीळ म्हणून भिजायचा नाही. मी भांडायला उभी राहिले की हे कातर वर धरून म्हणायचे, "बोला वकीलबाई, कोर्ट भरलंय." माझं खरं नाव यांनी शेवटचं कधी घेतलं होतं कोण जाणे. मी वकीलबाई. भांडणातही आणि लाडातही.

एका सकाळी गिऱ्हाइकाच्या गळ्याला टॉवेल बांधता बांधता हे खाली बसले, ते उठलेच नाहीत. मेंदूत गुठळी झाली होती. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. विनोद समजायचा, टोमणा समजायचा, डॉक्टर माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले की त्याचा अर्थसुद्धा समजायचा. फक्त शब्द येईना. तोंड उघडायचे, कपाळावर शिरा ताठायच्या, आणि नुसती हवा बाहेर यायची.

हॉस्पिटलात नर्सनं पहिल्यांदा चमच्यानं पाणी पाजलं, आणि हे घडाघडा बोलले, "प्रभू, या घासाबद्दल तुझे आभार. उपाशी असेल त्यालाही दे. आमेन."

सासूबाईंनी लहानपणी शिकवलेली ही जेवणाआधीची प्रार्थना. ती म्हटल्याशिवाय त्या हातातली बशी सोडायच्या नाहीत म्हणे. हे जन्मभर म्हणत आले, एक डोळा ताटावर ठेवून, गाडी चुकेल अशा घाईनं. माझी मोठी नणंद तिथेच पलंगाशी गुडघ्यांवर आली आणि हुंदके देऊन रडली. नर्सनं डोळे पुसले. मीही रडले, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, नळाला पाणी आलं, आता काय, धो धो येईल.

कसलं काय! तेवढंच आलं. पाणी हवं असलं तरी तेच, उशी टोचली तरी तेच. लघवीचं भांडं हवं असलं तरी पहिल्यापासून आमेनपर्यंत अख्खं, आणि तोवर उशीर झालेला.

बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी मला नीट समजावलं, की लहानपणापासून घोकलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं, ते आपोआप वाजतं, त्याला बोलणं म्हणता येत नाही. "आपण त्यांचा एखादा स्वतःचा शब्द निघतो का बघू," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाक्य अर्धं सोडा, ते पुरं करतात का बघा." मग आमचा तोच उद्योग. दार उघडलं की मी म्हणायची, "आली बघा तुमची वकील…" आणि थांबायची. हे ओठ जुळवायचे, मान हलवायचे, घाम फुटायचा, आणि निघायचं ते "प्रभू, या घासाबद्दल". दोघंही दुसरीकडे बघायचो.

पण माणूस कशालाही सरावतो. मला त्या प्रार्थनेतले सूर कळायला लागले. खिडकी लाव, याचा सूर वेगळा, कंटाळा आलाय याचा वेगळा. एकदा मी यांची दाढी करत होते. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं गुळगुळीत करणाऱ्या माणसाची दाढी माझ्यासारखीनं करायची म्हणजे शिक्षाच ती, त्याला आणि मला. हनुवटीला कापलं. हे आरशात बघून दातांमधून म्हणाले, "तुझे आभार!" असं म्हणाले, की त्यापेक्षा शिवी परवडली असती. मी हसत सुटले. हेही अर्ध्या तोंडानं हसले. आमचं दोघांचं मिळून ते शेवटचं हसू.

रोज संध्याकाळी अंगावर चादर घालताना मी विचारायची, "राहायचंय ना अजून माझ्याजवळ?" हे प्रार्थना म्हणायचे, आणि मी त्याचा अर्थ हो असा घ्यायची. दुसरा कुठला घेणार?

मोठ्यानं प्रार्थना करणं हे आमच्या घरात यांचं खातं. मी देवाशी बोलते ती भांडी घासताना, मनातल्या मनात, आणि तेही तक्रार असली तर. त्या दिवसांत मात्र रोज बोलले. म्हटलं, पाय नको, हात नको, सलून नको. एक शब्द दे. यांचा स्वतःचा. कुठलाही चालेल, शिवी चालेल. तो आला की मी सगळ्यांसमोर उभी राहून तुझे आभार मानीन, जे मी कधी मानत नाही.

कुठलाही चालेल म्हटलं खरं, पण मनात एकच होता. तो काही मी देवापासून लपवला नव्हता.

मग नणंदबाई पाळकसाहेबांना घेऊन आल्या. उपकारस्तुतीचा रविवार जवळ आला होता, त्या दिवशी लोक पुढे येऊन साक्ष देतात, देवानं आपल्याला काय दिलं ते सांगतात. ताईंचं म्हणणं, यांना पुढे न्यायचं.

"अगं, सगळं गेलं आणि प्रभूचे आभार तेवढे राहिले! याहून मोठी साक्ष कुठली?"

"ताई, ते पाणी मागतात हो. आभार नाही मानत."

"तू ना, देवाच्या कामातही वकिली करतेस."

पाळकसाहेब सज्जन माणूस. ते खाली वाकून यांना म्हणाले, "याल का? मंडळीला फार धीर येईल." यांनी माझ्याकडे बघत अख्खी प्रार्थना म्हटली. ताईंनी टाळी वाजवली, "बघ, तयार आहे!" मी सूर ओळखला. हनुवटी कापली तेव्हाचा होता. नको म्हणत होते.

तरी मी नेलं. त्याला कारण होतं. या माणसाला समोर चार डोकी दिसली की राहवायचं नाही. मला वाटलं, भरलेलं प्रार्थनामंदिर बघून, हातात माइक बघून, अडकलेलं काहीतरी सुटेल. लोभच तो माझा. पांढरा शर्ट इस्त्री केला, डावा हात आधी बाहीत घातला की उजवा जात नाही हे पुन्हा विसरले, पुन्हा काढून पुन्हा घातला. चाकाच्या खुर्चीला फुलं कशाला ताई, म्हटलं, तरी त्यांनी बांधलीच.

पाळकसाहेबांनी माइक तोंडाशी धरला. यांनी समोर बघितलं. अर्धं मंदिर यांच्या कातरीखालून गेलेलं. आणि यांचा चेहरा बदलला. एखादा किस्सा सांगण्याआधी भुवई वर जायची ना, तशी डावी भुवई वर गेली. बोलणार होते! काहीतरी होतं यांच्याजवळ सांगायला.

"प्रभू, या घासाबद्दल तुझे आभार…"

"आमेन!" सगळे म्हणाले.

यांनी मान हलवली. डाव्या हातानं हवेत पुसल्यासारखं केलं, हे नाही, हे नाही. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच आलं. आमेन आणखी मोठं झालं. तिसऱ्यांदा हे ओरडलेच. खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटत, डोळ्यांतून धारा लागलेल्या, "तुझे आभार! तुझे आभार!" लोक उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या, कुणीतरी गाणं उचललं, पेटी वाजायला लागली. पाळकसाहेबांनी डोळे मिटून यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली हे मान सोडवून घ्यायला बघत होते.

मी बाकावरून उठले. ओरडले, "थांबा हो! आभार मानत नाहीयेत ते! हात काढा!"

त्या गाण्यात कुणाला ऐकू जाणार? एकट्या ताईंना गेलं असावं. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि मला जवळ घेऊन म्हणाल्या, "हो गं बाई, रड. मोकळी हो."

गर्दीतून वाट काढत मी यांना बाहेर आणलं. घरापर्यंत खुर्ची ढकलताना हे एकदाही बोलले नाहीत. दगड लागून चाक अडकलं तरी नाही. घरी आल्यावर मी फुलं तोडून टाकली, शर्ट बदलला, बटाट्याचं सूप गरम केलं, गळ्यात टॉवेल बांधला आणि चमचा भरून वाट बघितली. आधी प्रार्थना, मग घास, हा आमचा नेम. पण हे म्हणेनात. नुसते चमच्याकडे बघत राहिले.

मग मीच बाईंची युक्ती केली. सुरुवात करून दिली, "प्रभू, या घासाबद्दल तुझे…" आणि थांबले.

यांनी माझ्याकडे बघितलं. जबडा हलला. जीभ काहीतरी शोधत होती, ते मला बाहेरून दिसत होतं. कपाळाच्या शिरा वर आल्या.

"ना," हे म्हणाले. मग श्वास घेऊन, "नाही."

माझ्या हातातला चमचा पडला. सूप साडीवर सांडलं. अगं आई गं! मी यांचं डोकं छातीशी धरलं, हसले, रडले, काय केलं नि काय नाही. धावत जाऊन ताईंना फोन लावला. "ताई, बोलले! स्वतःचा शब्द बोलले, खरा!"

"प्रभूची स्तुती असो!" ताई म्हणाल्या. "काय म्हणाला गं? सांग ना, काय म्हणाला माझा भाऊ?"

मी फोन कानाशी धरून यांच्याकडे बघितलं. "या तुम्ही. आल्यावर सांगते," म्हटलं आणि ठेवला.

दुसरा चमचा घेऊन बसले. ओठांशी नेला.

"नाही."

"बरं, गोळी तरी घ्या."

"नाही."

"दोन घास. माझ्यासाठी."

"नाही."

दर वेळी शब्द जास्त स्वच्छ येत होता. बाई असत्या तर खूश झाल्या असत्या. रागाचा असता तर मी भांडले असते, रागाला मी भीत नाही. पण हा शांत होता. इतके महिने यांचे सगळे सूर मी मेहनतीनं शिकले होते. हा शिकावा लागला नाही.

देवा, मी म्हटलं होतं, कुठलाही चालेल. आता उभी राहून तुझे आभार मानायचे आहेत मला, सगळ्यांसमोर. कबूल केलंय मी. कुठल्या तोंडानं मानू, ते तूच सांग.

सूप गार झालं. त्याच्यावर साय आली. मी यांना आडवं केलं, पायांपासून छातीपर्यंत चादर ओढली, उजवा हात उचलून नीट वर ठेवला. आणि रोज जिथे मी 'राहायचंय ना?' विचारते, तिथे माझे ओठ सवयीनं उघडले. पण आज यांच्याजवळ उत्तर होतं. मी ओठ मिटले.

बाहेर फाटक वाजलं. ताई अंगणातूनच हाक मारत होत्या, "काय म्हणाला गं?" यांनी तिकडे मान वळवली नाही. हे माझ्याकडेच बघत होते. मी विचारीन म्हणून थांबले होते.