न विचारणारा देश

संस्थान विलीन व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात सरकार परदेशी बंदुकांच्या शोधात होतं. आदिलाबादच्या कचेरीत ही खरेदी बघणाऱ्या साहेबांची इंग्रजी पत्रं तामसी गावचे कारकून अमृतराव वाचून दाखवायचे.

"एक देश विचारून राह्यला, बंदुका कोणावर चालवणार? दुसरा काहीच विचारत नाही," अमृतराव म्हणाले.

"दुसऱ्याकडूनच घेऊ," साहेब म्हणाले. अमृतरावांनी होकार लिहिला.

पावसाळ्यात पेट्या आल्या. नेम बघायला शिपायांनी ओढ्यापलीकडे ज्वारी निंदणाऱ्या बाईवर गोळी झाडली. ती अमृतरावांची बहीण भागाबाई. जागीच गेली.

तिला अग्नी देऊन ते कचेरीत आले, तर साहेब म्हणाले, "माल उत्तम आहे, असं कळवा."

"साहेब, ती माही बहीण होती."

"माहीत आहे. लिहा."

अमृतरावांनी लिहिलं. खाली साहेबांनी सांगितली तशी आणखी दोनशे बंदुकांची मागणीही लिहिली.