आडवी पहार

वासोणा गावाकडे झाडाखाली बांधलेले दोन बैल विजेने गेले, ही बातमी सिल्वासातल्या आमच्या आमली वस्तीत दूधवाल्याने आणली आणि माझी आठ वर्षांची गुड्डी बदललीच. आभाळ जरा काळवंडलं की ती पलंगाखाली. १९९१चा ऑक्टोबर होता. परतीचा पाऊस रोज दुपारी चारच्या सुमाराला नदीच्या बाजूने चढून यायचा, आणि तिचे वडील साडेपाचपर्यंत कचेरीत.

कारण कळलं की भीती जाते, असा माझा समज. बी.एस्सी. झाले होते, पण लग्न होऊन सिल्वासाला आल्यापासून त्या पदवीचा उपयोग गुड्डीच्या अभ्यासापुरताच उरला होता. केसांवर कंगवा घासून मी तिला कागदाचे कपटे उचलून दाखवले. ढगात असंच घासणं चालतं, म्हटलं, आणि साठलेली वीज खाली यायला उंच वस्तू शोधते. म्हणून झाडाखाली थांबायचं नाही. वीज चमकली की आकडे मोजायचे, तीन आकड्यांना एक किलोमीटर. उघड्यावर सापडलोच तर पाय जुळवून उकिडवं बसायचं आणि एकमेकांना धरायचं नाही. गुड्डीने सगळं पाठ केलं. पलंगाखालून बाहेर आली. मला वाटलं, जिंकले.

मग शेजारच्या आक्काबाईंचा विषय निघाला. त्या खानदेशातल्या, शिरपूरकडच्या. मुलगा सुकदेव राखोलीच्या कारखान्यात लागला, म्हणून त्या इथे आलेल्या. आभाळ गडगडलं की त्या घरातली लोखंडी पहार उघड्या अंगणात फेकत.

“आई, त्या असं का करतात?”

“जुनी समजूत. लोखंड बाहेर टाकलं की वीज घर सोडते म्हणे.” मी तांदूळ निवडत होते. हसून म्हटलं, “खरं तर लोखंडच वीज ओढतं. अंगणात पहार टाकणं म्हणजे विजेला घराचा पत्ता देणं.”

गुड्डी हसली नाही. “मग आक्काबाईंच्या घरावर पडेल?”

“अगं, गंमत केली. पाढे म्हण बघू.”

तिने पाढे म्हटले. मी खडे वेचत राहिले.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला दिवे गेले. पाऊस नव्हता, नुसता वारा आणि डोळ्यांत जाणारी धूळ. मी मागच्या दारी वाळत घातलेले कपडे काढायला धावले. आभाळ लखलखलं. सवयीने मोजलं, सात भरले तेव्हा गडगडलं. लांब आहे. कपड्यांचा ढीग छातीशी धरून आत आले.

“गुड्डी?”

पलंगाखाली वाकून पाहिलं. नव्हती. पुढचं दार सताड उघडं.

बाहेर आक्काबाई ओट्यावर उभ्या राहून ओरडत होत्या. “बाई, तुन्ही पोर! मन्ही पहार ली गई!”

आमच्या खोल्यांच्या रांगेपुढे मोकळा माळ होता, पार टोकाला एक ताड. माळाच्या मधोमध गुड्डी पाठमोरी, दोन्ही हातांनी पहार ओढत चाललेली.

“गुड्डी! टाक ती! परत ये!”

ती वळली. “लांब टाकते, आई! आक्काबाईंच्या घरापासून लांब!”

ओढून वेळ लागतोय असं तिला वाटलं असावं. तिने पहार उचलून खांद्यावर तोलली. एक टोक तिच्या डोक्याच्या वर गेलं. आजूबाजूला गुडघ्याएवढं गवत, त्यात माझी मुलगी सगळ्यांत उंच आणि तिच्यावर हातभर लोखंड. चालली होती ती ताडाच्याच दिशेने.

तेव्हा कुठे मला कळलं. जमिनीवर आडवी पडलेली पहार कुणाचं काही बिघडवत नव्हती. तिला उभी करायला माणूस लागतो, आणि ते माणूस मी शिकवून पाठवलं होतं.

आक्काबाईंनी माझा दंड धरला. “तू नको जाऊ वं! दोन जीव जातीन!”

मी हात हिसडला आणि पळाले. मध्येच वीज. एक, दोन... तिसरा आकडा तोंडातच राहिला.

“थोडंच राहिलंय,” गुड्डी धापा टाकत म्हणाली. मी पहार ओढून घेतली आणि भिरकावली. तिला उचलणार, तोच माझ्या हातावरची लव उभी राहिली. तिच्या कपाळावरचे केसही वर उठले, कंगव्याकडे उठतात तसे.

“बस! पाय जुळव!”

ती बसली. मीही बसले, तिच्यापासून चार पावलं मागे सरकून. तिने रडत माझ्याकडे हात पुढे केला. मी तो धरला नाही.

“आई!”

“नाही. हात कानावर ठेव.”

सगळं पांढरं झालं. मोजायला काही उरलंच नाही, आवाज उजेडातच होता. डोळे उघडले तेव्हा ताडाचा शेंडा जळत होता आणि गुड्डी तशीच उकिडवी, कानांवर हात, पाय जुळलेले. मी तिला काखोटीला मारलं आणि कोसळू लागलेल्या पावसात घर गाठलं.

आक्काबाई आमच्याच घरात टॉवेल घेऊन थांबल्या होत्या. गुड्डीचं डोकं पुसत म्हणाल्या, “पाह्यलं? पहार तिकडे गई, ईज बी तिकडेच गई. पोरीनं समद्यास्नी वाचाडलं.”

गुड्डीचे डोळे चमकले. “हो ना आई? लोखंडाने ओढली ना?”

नुसतं हो म्हटलं असतं, तर पुढच्या वादळात ती पुन्हा गेली असती.

“नाही,” मी म्हटलं. “ताड उंच होता म्हणून. काल मी चुकीचं सांगितलं. खाली पडलेलं लोखंड वीज ओढत नाही.”

“मंग मन्ही पहार?”

“काही करत नाही, आक्काबाई. वाचवत नाही, मारतही नाही.”

“इतलं कॉलेज करीसन आज समजनं का तुले?”

“हो, आजच,” मी म्हटलं. गुड्डीने टॉवेल बाजूला केला. “मग बाकीचं? मोजायचं, बसायचं, ते तरी खरं आहे?”

“ते खरं आहे. पण आता एकेक पुन्हा सांगते. पुस्तकातलं कुठलं आणि मी वर जोडलेलं कुठलं, तेही सांगते. पहिलं म्हणजे, विजा चमकत असताना घराबाहेर जायचं नाही. कुणाला वाचवायलाही नाही.”

“तू आलीस की.”

आक्काबाई हसल्या. मला हसू येईना. बाहेर पुन्हा लखलखलं तशी गुड्डी मला येऊन चिकटली. या वेळी मी तिला दोन्ही हातांनी धरलं, आणि घरात असं धरलं तर चालतं, हे आधी तिला नीट सांगितलं.