अर्धा आटा

वस्तादांनी जन्मात कुणाला ‘छान’ म्हटलं नाही. गॅरेजातून दुरुस्त होऊन निघालेल्या प्रत्येक गाडीत ते मागच्या बाकावर डोळे मिटून बसत आणि पोराला म्हणत, “घे एक चक्कर.” काही खटकलं तर तेवढंच बोलत. “पुढचा डावा बुश.” “सायलेन्सरचा क्लॅम्प.” काही खटकलं नाही, तर तोंडातून ब्र काढत नसत. गप्प राहिले म्हणजे पास. बायकोच्या स्वयंपाकालाही हाच नियम होता. पस्तीस वर्षांत ती हजारदा पास झाली असेल आणि दर वेळी तिला वाटलं होतं, या माणसाच्या डोक्यात आता कढई घालावी.

तिचं सोडा, तिची कातडी जाड झाली होती. पोराचं मात्र तसं नव्हतं. नऊ वर्षं बापाच्या हाताखाली राबून तो एकदाही पास झाला नव्हता. परक्याच्या कामातल्या चार चुका वस्ताद पोटात घालतील, पण पोटच्या पोराची एक नाही. “आई, बाबांना कान आहेत का वैर आहे?” असं तो विचारायचा, आणि ती म्हणायची, “दोन्ही आहे, जेव.”

मग दुखणं आलं आणि बघता बघता वस्तादांच्या हाडांत उतरलं. इस्पितळ नदीपलीकडे. पुलाचा रस्ता पार उखडलेला आणि लांबचा, त्यामुळे कोरड्या पात्रातून गोट्यांवरूनच जायचं. घरची जीप होती डोंगरात अडकलेल्या गाड्या ओढून काढणारी. तिच्या चाकांवरची कमान वस्तादांनीच बांधलेली, सात जाड पोलादी पाट्यांची, कडक. आता त्या कमानीचा एकेक गचका त्यांच्याच हाडांत जायचा. बोट चिमटलं तरी हूं न करणारा माणूस पात्रात शिरलं की लहान मुलासारखा ओरडायचा. ती मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. पुढे पोराची मान ताठ झालेली दिसायची.

“कमान बदलतो,” एक दिवस पोरगा म्हणाला. “तीनच पाटे, लांब, टोकाला निमुळते. एकमेकांवर घासत नाहीत. मऊ चालते.”

“जीप आहे ती,” वस्ताद खाटेवरून म्हणाले. “पाळणा नाही.”

“मला पाळणाच करायचाय, बाबा.”

वस्तादांनी खाट गॅरेजकडच्या खिडकीशी सरकवायला लावली.

अकरा दिवस काम चाललं. गंजलेले बोल्ट कापून काढले, नवीन बुश घातले, शॉकअपही मऊ आणले. वस्ताद खाटेवरून शेळ्या हाकत होते. नुसत्या हातोडीच्या आवाजावरून म्हणाले, “शॅकल उलटं बसवतोयस.” पोराने वाकून पाहिलं, तर खरंच उलटं होतं. बाराव्या सकाळी जीप लोखंडी घोड्यांवरून उतरली. पोराने मागच्या फळीवर सगळा भार टाकून दाबलं. जीप खाली गेली, वर आली आणि जागच्या जागी थांबली. तो आईकडे बघून हसला. परीक्षेला निघताना हसायचा तसाच.

त्याच सकाळी इस्पितळाची तारीख होती. मागे गादी टाकली. वस्तादांना उचलून ठेवलं, ते केवढेसे उरले होते. “बाबा, डोळे मिटा,” पोरगा म्हणाला. त्यांनी डोळे मिटले.

गल्लीतले खड्डे आले आणि गेले. पोटातलं पाणी हललं नाही. वस्ताद ऐकत होते. कपाळावरच्या आठीवरून ते तिला कळत होतं. पात्राच्या उतारापाशी त्यांचे ओठ हलले. तिने कान खाली नेला.

“मागचा उजवा,” ते म्हणाले. “आतला. आवळायला सांग.”

मग श्वास बाहेर गेला. पुढचा येईल म्हणून ती थांबली. तो आला नाही. तिने तोंडापुढे तळवा धरला, गळ्यापाशी बोटं ठेवली. आठी गेली होती.

“आई,” पुढून आवाज आला. “काही बोलले का?”

जीप पात्राच्या काठाशी उभी होती. आता सांगितलं तर पोरगा इथेच थांबेल. पाळणा करून झाला आणि पाळण्यात कुणी नाही, हे त्याला इथे, या गोट्यांच्या तोंडाशी कळेल. आत्ता नको, असं तिला वाटलं. पुढचा विचार तिने केला नाही.

“नाही,” ती म्हणाली. “चल तू.”

अर्धा तास तो गोटे चुकवत, चाकं अलगद ठेवत गाडी नेत होता. तिने दोन्ही हातांनी ते डोकं धरून ठेवलं होतं, हलू नये म्हणून. मध्यावर पोराचा आवाज आला, दहा वर्षांचा असतानाचा. “आई, ओरडले नाहीत गं.”

“नाही ओरडले.”

“म्हणजे पास?”

“पास,” ती म्हणाली. पोरगा बाहीने डोळे पुसत हसला. रडली असती तर पुढे ऐकू गेलं असतं, म्हणून ती रडली नाही.

“आत्ताच गेले, फाटकाशी,” तिने इस्पितळात डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी वस्तादांचा हात हातात घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

पुढचे तीन आठवडे जीप जागची हलली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पोरगा सांगायचा, “अख्खं पात्र पार केलं, बाबांनी ब्र काढला नाही.” तो सांगू लागला की ती चहाच्या निमित्ताने आत जायची.

मग डोंगरातून निरोप आला, कुणाची तरी गाडी घळीत अडकली होती. पोराने साखळी मागे टाकली, जीप सुरू केली. नवी कमान पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळायची, हे त्या गॅरेजातल्या झाडूलाही ठाऊक होतं. पण ती फेरी संपली तेव्हा पाना कुणाला सुचणार? ती धावत बाहेर आली. ‘सगळे बोल्ट आवळून घे’, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण तीन आठवडे तोंडात धरलेलं जसंच्या तसं बाहेर पडलं.

“मागचा उजवा. आतला. आवळून घे.”

पोराने तिच्याकडे पाहिलं. इंजिन बंद केलं आणि पाना घेऊन तो जीपखाली शिरला. एकेक बोल्ट तपासल्याचा आवाज येत राहिला. कुठलाच हलला नाही. मग एक हलला, अर्धा आटा फिरला, आणि आवाज थांबला.

“आई, बाकीचे सगळे घट्ट आहेत,” खालून आवाज आला. मग तोच म्हणाला, “हे बाबा बोलले.”

ती शेजारच्या जुन्या टायरवर बसली. “हो.”

“कधी?”

“पात्राच्या अलीकडे.”

“म्हणजे मी पास नाही झालो.”

आता खोटं बोलून उपयोग नव्हता, आणि वस्तादांच्या पोराला तरी काय फसवायचं. “अर्ध्या आट्याने राहिलास,” ती म्हणाली.

जीपखालून त्याचे नुसते बूट दिसत होते. ते हलत नव्हते. मग रडणं ऐकू आलं, आणि टायरवर बसल्या बसल्या तिचंही तीन आठवड्यांचं बाहेर पडलं. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “आणि पात्रात?”

“पात्रात ते नव्हते रे,” ती म्हणाली. “पण मी होते ना मागे. मला एकही गचका लागला नाही.”