काकूंनी डोळे उघडे ठेवून पाहिलेला सिनेमा

भुताखेताच्या सिनेमांबद्दल काकूंचं मत ठाम होतं. हे सिनेमे फार प्रेमळ असतात, लोक उगाच घाबरतात. थोडा आरडाओरडा होतो, दारं आपटतात, पण शेवटी सगळी माणसं सुखरूप घरी येतात. हे मत त्या कुणालाही ऐकवत, आणि त्यांची लेक तोंड दाबून हसत बसे, कारण काकूंनी जन्मात एकही भयपट डोळे उघडे ठेवून पाहिलेला नव्हता.

दिवसभर लॅबमध्ये रक्त काढायला लोकांच्या हाताला सुई टोचताना ज्या बाईची पापणी लवत नसे, तीच पडद्यावर अंधारा जिना दिसला की ओढणीत तोंड खुपसून बसे. उठून मात्र जायची नाही. कारण शेजारी काका असत. काका लिफ्टदुरुस्तीचं काम करत आणि त्यांना थरारपटांचं भारी वेड. त्यांची तक्रार एकच होती. दोर तुटून लिफ्ट धाडकन कोसळते असं दाखवणाऱ्या दिग्दर्शकाला एकदा लिफ्टच्या खड्ड्यात उतरवावं, म्हणजे ब्रेक कुठे असतात ते त्याला कळेल. बाकी सगळं त्यांना चालायचं. काकूंनी डोळे मिटले की ते हळू आवाजात सांगत राहायचे: आता ती दार उघडतेय, काही नाही, मांजर होतं, गेलं. लग्नानंतरची सगळी वर्षं दोघांनी असेच सिनेमे पाहिले होते.

आता मात्र काका पालथे पडून होते. त्यांच्या एका डोळ्याने कधीच राजीनामा दिला होता. दुसऱ्या डोळ्याच्या पडद्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, आणि काही दिवस तोंड खाली करूनच पडून राहायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी काकूंना बाहेर बोलावून आणखीही काही सांगितलं होतं. नजर येईल, किंवा येणारही नाही; आत्ताच काही धरून चालू नका. काकूंनी आत जाऊन काकांना सांगितलं की डॉक्टर एकदम खूश आहेत. तेव्हापासून काकूंना धड जेवण जात नव्हतं.

काका गप्प गप्प असायचे. एका दुपारी लेक कामावर गेल्यावर काकूंनीच त्यांचा आवडता सिनेमा लावला, एक आई मुलीला शोधत तळघरात उतरते तो. आज मी बघून सांगते, असं म्हणून त्यांनी ओढणी बाजूला ठेवली आणि मन घट्ट केलं.

आई जिना उतरली. पुढचं काकूंना तोंडपाठ होतं. तळघराला मागे एक दार आहे, त्यातून आई मुलीला घेऊन निसटते आणि दोघी मावशीकडे जाऊन राहतात. पण पडद्यावर मागचं दार नव्हतंच. मुलगी एकटीच वर आली. काकू आईची वाट पाहत राहिल्या, आणि तेवढ्यात सिनेमा संपून नावं सरकायला लागली.

मावशीसुद्धा नव्हती. काकूंना आधी राग आला, मग एकदम भरून आलं. त्यांची स्वतःची आई गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत दोघांनी हा सिनेमा पाहिला होता. शेजारी बसलेल्या नवऱ्याने सांगता सांगता त्यांच्यासाठी एक दार आणि एक मावशी उभी केली होती.

"काय झालं?" काकांनी तोंड खाली ठेवूनच विचारलं.

"मागच्या दाराने गेल्या दोघी. मावशीकडे."

काका म्हणाले, "पाहिलंस ना सगळं?"

"पाहिलं."

"तुला तेव्हा झेपलं नसतं गं."

"माहीत आहे मला."

"मग आता तू सांग. डॉक्टर खरंच काय म्हणाले? मला मावशीकडे नेऊ नकोस."

काकांचं तोंड पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होतं. काकू जमिनीवर बसल्या, मग सरळ पाठीवर आडव्या होऊन त्याखाली सरकल्या, तेव्हा कुठे पट्टी बांधलेला तो चेहरा त्यांच्या समोर आला. त्यांनी डॉक्टरांचा शब्द न् शब्द सांगितला. काही गाळलं नाही, काही घातलं नाही.

"मला फार भीती वाटतेय," काका म्हणाले. त्या घरात आजवर हे वाक्य फक्त काकूंच्याच तोंडी असायचं.

"वाटू दे," काकू म्हणाल्या, आणि हात वर करून त्यांनी काकांचा गाल धरून ठेवला. "मी बघतेय."