डिस्कच्या अंगावरची यादी

गेले सहा महिने आमचे हे मला सोडून घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. बँकेत चल, दवाखान्यात चल, कोपऱ्यावर दाढीचं सामान आणायलासुद्धा चल. बत्तीस वर्षांच्या संसारात जे कधी सुचलं नाही ते आता सुचतंय म्हणून मीही मनातून सुखावले होते. उगाच खोटं कशाला बोलू.

परवा मोजे विणणाऱ्या ताईंचा फोन आला. त्यांचं विणायचं यंत्र एका जुनाट कॉम्प्युटरवर चालतं, आणि त्यातल्या हार्ड डिस्कने मान टाकली होती. तसली डिस्क आता औषधालाही मिळत नाही. पण आमच्या कपाटात एक होती, कोरी, विटेएवढी जड, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. यांनी जन्मभर हीच कामं केली. निवृत्तीनंतरही लोक काकांनाच बोलावतात, आणि तेवढ्यावरच स्वारी ताठ चालते.

ताईंच्या कारखान्यात यांनी कॉम्प्युटरचा खोका उघडला, जुनी डिस्क काढली, नवी बसवली, केबल जोडल्या. सगळं नुसतं चाचपून, भिंतीकडे बघत. म्हटलं, काय हा भाव खाणं! बटण दाबलं. आधी घरघर झाली, मग बारीक शिट्टी, आणि डिस्क फिरायला लागली. ताईंचा जीव भांड्यात पडला.

आता राहिली यादी. तसल्या डिस्कवर बनवणाऱ्यांनीच एक कागद चिकटवलेला असतो. नव्या डिस्कमध्येही काही जागा खराब असतात, त्यांचे हेड-ट्रॅकचे आकडे त्यावर असतात. वापरण्याआधी ते एकेक टाइप करायचे, म्हणजे मशीन त्या जागा वगळतं. नाही केले तर आज सगळं छान चालतं, आणि महिन्याभराने ताईंची एखादी नक्षी नेमकी त्या खराब जागी साठते की गेलीच. मला कसं ठाऊक? अहो, बत्तीस वर्षं जेवताना दुसरं ऐकलंय काय मी! यादी न भरणाऱ्याला हे सरळ चोर म्हणायचे.

"यादी राहू दे," हे म्हणाले. "डिस्क नवी आहे. गरज नाही."

मी चाटच पडले. "तुम्ही म्हणताय हे?"

"तुला काय कळतं त्यातलं? गप्प बस."

माझं डोकंच फिरलं. चारचौघांत मला गप्प बसवतात! चांगलं सुनावणार होते, तेवढ्यात यांच्या बोटाकडे लक्ष गेलं. उघड्या खोक्यात बोट डिस्कवरच्या त्या कागदावर होतं, पण आकड्यांवर नव्हतं. खालच्या कोऱ्या जागेत ओळ शोधत फिरत होतं. एकदम सगळं कळलं. बँक, दवाखाना, दाढीचं सामान. प्रेम कसलं डोंबलाचं, माणसाला रस्ता दिसत नव्हता. आणि मी मूर्खासारखी नटून बरोबर जात होते.

रडू आलं. पण ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्यादेखत ही गोष्ट उघडी पडली असती, तर हे पुन्हा कुणाच्या दारात गेले नसते. आणि यादी न भरता उठले असते, तर स्वतःला तोंड दाखवलं नसतं.

"ताई, जरा चहाचं बघता का?" मी म्हटलं. त्या आत गेल्या. मी चष्मा लावला. "आकडे मी वाचते, टाइप तुम्ही करा. माझी मेली बोटं चालत नाहीत त्यावर."

यांनी हात कीबोर्डवर ठेवले.

"हेड दोन, ट्रॅक एकशे सतरा."

टकटक.

"हेड तीन, ट्रॅक चारशे आठ."

टकटक. मी पडद्यावर बघत होते, एकही चूक नाही.

"हेड तीन, ट्रॅक पाचशे बावन्न."

यांनी तेही टाइप केलं. मग मान न वळवता, त्याच सुरात म्हणाले, "डावा डोळा. सहा महिने झाले."

मी कागदावरून नजर काढली नाही. "उजवा?"

"कडेकडेचं दिसतं. मधलं नाही."

"अजून काही?"

"भीती वाटते गं."

मी खुर्ची आणखी जवळ ओढली. यादीत अजून अकरा ओळी होत्या. त्या मी सावकाश वाचल्या.