गल्लीकडे पाठ

रविवारी सकाळी आमच्या कुडवा गावातल्या घरी कुणी आलं, तर त्याला आधी माणसं दिसत नसत, पाय दिसत. गाडीखालून बाहेर आलेले, ग्रीसनं माखलेले पाय. त्यातले सगळ्यात म्हातारे पाय आमच्या ह्यांचे, म्हणजे ताराचंदचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली माणसं झाडं लावतात, विहारात जाऊन बसतात, सकाळी फिरायला जातात. ह्यांनी जुनी मारुती विकत घेतली आणि अंगणात आणून उघडली. बिघडली होती म्हणून नव्हे हं. आतून कशी दिसते ते बघायचं होतं म्हणून.

मग लोकेश आला. आमच्या मागच्या ओळीत राहणारा शाळामास्तर, दारातूनच 'जयभीम भाऊ' करत शिरणारा. त्याच्या मागोमाग धर्मेंद्र. त्याच्या घरी धानाची शेती आणि इथं नाक्यावर बियाण्याचं दुकान. एकाकडे सँट्रो, दुसऱ्याकडे व्हॅन. तिघांपैकी एकालाही मेकॅनिकचं काम येत नव्हतं आणि तिघांनाही गाडीचं वेड होतं, म्हणजे माझ्या अंगणाचं वाटोळं व्हायला काही कमी राहिलं नाही. माझ्या परातीत रॉकेल ओतून त्यात नटबोल्ट धुतले गेले. त्यांचा एकच नियम होता, ज्यानं उघडलं त्यानंच बसवायचं. एकदा लोकेशनं मारुतीचा कार्बोरेटर उघडला, दिवसभर घाम गाळून बसवला, गाडी सुरूही झाली. एक स्क्रू मात्र उरला. तो पुढं कित्येक दिवसांनी मला मोहरीच्या डब्यात सापडला. लपवायला मास्तरला दुसरी जागा मिळाली नव्हती.

मी चिडायची, बडबडायची आणि चहा द्यायची. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. ह्यांना इतकं हसताना मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

ह्यांची खरी मिजास होती कानाची. उभा जन्म टेलिफोनच्या लाइनी कानाला लावून दोष शोधण्यात गेलेला. गाडीचंही तसंच. काम संपलं की गाडी गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची आणि भरधाव परत आणायची. हे फाटकात उभे राहायचे, गल्लीकडे पाठ करून आणि डोळे मिटून. गाडी पाठीमागून गेली की हात वर करायचे. "पट्टा ढिला हाये." "सायलेन्सरले भोक हाये, मंधात." पुढं उघडून बघावं तर नेमकं तेच. हात वर होऊन "बरोबर हाये" ऐकल्याशिवाय कुठलीही गाडी आमच्या अंगणातून निघाली नाही. पाठ कायले करता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "डोळे फसवतात. दिसली गाडी का मन म्हणते, मस्त हाये. आवाज नाही फसवत."

त्याच दिवशी आणखी एक बोलले. "कान गेला त माणसानं पाना हाती नाही घ्यावा. दुसऱ्याची लेकरं बसतात गाडीत." लोकेशनं मान डोलावली होती. मी तेव्हा कांदा चिरत होते. पुढं हे वाक्य आपल्याच घरात शिरणार आहे, हे मला काय माहीत.

टीबी झाला तेव्हा ह्यांना इंजेक्शनं घ्यावी लागली. जीव वाचला. त्या इंजेक्शनांनी कान मात्र हळूहळू जात राहिले. आधी कुकरची शिट्टी गेली. मग दारावरची कडी. मग मी. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, नसच वाळली आहे, फार काही होणार नाही. कानाचं मशीन घेतलं. ह्यांनी ते एक दिवस लावलं आणि काढून कपाटात ठेवलं. "नुसते भांड्यावर भांडे पडून राहिले," म्हणाले. कुणाला सांगायचं नाही, असं ते म्हणाले नाहीत. पण मला ते कळलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. घरात ते माझ्या ओठांकडे बघून बोलायचे. बाहेर स्वतःच जास्त बोलायचे, म्हणजे समोरच्याला विचारायला जागा राहत नसे.

आणि रविवार? रविवारी माझा जीव टांगणीला लागायचा. हा माणूस फाटकात उभा राहून आता काय सांगणार?

मशीन कपाटात गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मला फरक दिसला. ह्यांनी डोळे मिटले नव्हते. पाठ गल्लीकडे होती, पण डोळे उघडे, आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या तोंडाकडे लागलेले. लोकेशची सँट्रो मागून किंचाळत गेली. माझं तोंड आपोआप आंबट झालं. ह्यांनी हात वर केला. "पुन्हा खोला." "काय झालं भाऊ?" लोकेशनं समोर येऊन विचारलं. "सगळं मीच सांगू का? तुमी शोधा न. शिकान कधी?"

ते दोघं कौतुकानं हसले. भाऊ आता परीक्षा घेऊन राहिले, असं म्हणत त्यांनी बोनेट उघडलं. जेवताना हे भाजी चांगली झाल्याचं म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी भाजीला नाव ठेवलं नव्हतं, तसं चांगलंही म्हटलं नव्हतं. मी खाली मान घालून भात कालवत राहिले. आमचं दोघांचं या विषयावर झालेलं बोलणं ते एवढंच.

मग मी शिकले. दुसरा इलाजच नव्हता. चांगला आवाज कुठला, वाईट कुठला, बेअरिंग गेल्यावर चाक कसं घूं करत राहतं, हे मी चहाचा ट्रे हातात धरून शिकले. त्या दोघांना कधी कळलं नाही की अंगणात चौथं कुणी शिकतंय. गाडी मागून गेली की मी चौकटीला हात लावायचा, म्हणजे बरोबर. पदर आवळून घ्यायचा, म्हणजे पुन्हा खोला. हे कुणी ठरवलं नव्हतं, ठरत गेलं. दुसऱ्यांची लेकरं बसतात म्हणून मी श्वास रोखून ऐकायची. एकदाही चुकले नाही, हे मी छाती ठोकून सांगते. विहारातल्या बाया म्हणायच्या, अल्काबाई, रविवारच्या वंदनेला काऊन येत नाही? काय सांगणार होते त्यांना?

तो फेब्रुवारीतला रविवार. धर्मेंद्रच्या व्हॅनचं पुढचं चाक आवाज करत होतं, म्हणून त्यानं स्वतःच नवं बेअरिंग बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी बायको, पोरं, म्हातारी आई, सगळ्यांना घेऊन त्याला सौंदडला साळ्याच्या लग्नाला जायचं होतं. "भाऊ, नीट आयका बरं," तो ह्यांच्यासमोर येऊन म्हणाला, "आखी फॅमिली हाये." हे म्हणाले, "आण फिरवून."

धर्मेंद्र व्हॅन घेऊन गल्लीच्या टोकाकडे गेला आणि वळणावर दिसेनासा झाला. हे फाटकात जाऊन पाठ करून उभे राहिले. लोकेश त्यांच्या समोर एका अंगाला, फडक्याला हात पुसत. मी चौकटीत.

आणि घरात फोन वाजला.

आमच्या घरचा फोन म्हणजे खात्याचा फोन, सगळ्या ओळीला ऐकू जाईल एवढा मोठ्यानं वाजणारा. "वैनी, फोन," लोकेश म्हणाला. आमची मुलगी रचना नागपूरला असते, तिची बाळंतपणाची वेळ जवळ आलेली. मी आत पळाले. व्हॅन यायला अजून वेळ आहे, तेवढ्यात येते परत, असं मनात म्हटलं. रिसीव्हर उचलला. रचनाच होती, सगळं ठीक होतं, लोणच्यात मीठ किती घालायचं ते विचारत होती.

फोन खिडकीपाशी होता. मला फाटक दिसत होतं. ह्यांचा चेहराही दिसत होता. तो चेहरा दारात मला शोधत होता. आत्ता इथं होती, कुठं गेली? फोन वाजल्याचं सगळ्या गल्लीला कळलं होतं, ह्यांना सोडून. थोडा वेळ दाराकडे बघून ह्यांनी नजर लोकेशकडे वळवली. दुसरं होतंच कोण.

लोकेश गल्लीत बघत होता. व्हॅनची वाट बघत होता बिचारा. तेवढ्यात शेजारची आचल सायकलवरून ट्यूशनला निघाली. पोरगी ह्यांच्या पाठीमागून गेली, सायकलचा म्हणून काही आवाज नाही, आणि लोकेशचे डोळे सहज तिच्या मागं मागं या टोकाकडून त्या टोकाकडे गेले. कुणाचेही जातात. लोकेशच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ना आंबट ना गोड.

मला कळलं आता काय होणार. व्हॅनच गेली, असं हे समजणार. मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. हाक मारून उपयोग काय होता? जगातल्या कुठल्याही माणसाला मी ओरडून थांबवू शकले असते, ह्याच एका माणसाला नाही. रिसीव्हर टाकून मी दाराकडे धावले.

मी चौकटीत पोचले तेव्हा ह्यांचा हात वर होता.

"बरोबर हाये," हे मोठ्यानं, आनंदानं म्हणाले. "एकदम साफ आवाज. जा म्हणा सौंदडले बिनधास्त. बेअरिंग मस्त बसवली धर्मेंद्रनं."

गल्ली रिकामी होती. लोकेशच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्यानं ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्या भल्या पोरानं काय करावं? तो हसला. "हो भाऊ," म्हणाला, "साफच हाये." त्यानं वाद घातला असता तरी मला चाललं असतं. ते हसणं मात्र नको होतं.

ह्यांनी ते हसणं वाचलं. ओठ वाचता वाचता माणूस चेहरेही वाचायला शिकतो. ते वळले. त्यांना रिकामी गल्ली दिसली आणि त्या गल्लीतून हातात रिकामा डबा घेऊन पायी येणारा धर्मेंद्र दिसला.

"पेट्रोल खतम झालं न भाऊ," तो लांबूनच सांगत आला. "गाडी थ्या मोडावरच बंद पडली. डबा भरून आणतो, मंग आयका." जवळ आल्यावर आमचे चेहरे बघून थांबला. "काय झालं?"

 त्याचं त्यालाच कळत गेलं असावं. दोषाचं नाव न सांगणं, समोर आल्यावरच उत्तर देणं, फोनला कधीच न उठणं. तो ह्यांच्या अगदी समोर गेला आणि हळू म्हणाला, "भाऊ, तुमाले आयकू येत नाही का?" हे त्याच्या ओठांकडे बघत राहिले. "कवापासून?" त्याचा आवाज चढला, मग फाटला. "माही पोरं बसतात न यात, भाऊ. माही माय बसते."

ते वाक्य ह्यांचंच होतं. ह्यांनी खिशातून पाना काढला, मारुतीच्या बोनेटवर ठेवला आणि माझ्या शेजारून घरात निघून गेले. कुणावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

धर्मेंद्रनं पेट्रोल आणलं, व्हॅन सुरू केली, गल्लीतून एकदा नेली, एकदा आणली. थांबून तो नुसता बसून राहिला. लोकेश जमिनीकडे बघत होता. आता कुणी सांगायचं? उद्या म्हातारी आणि पोरं त्या चाकावर बसून सौंदडला जाणार होती. मी फाटकात उभी होते. मी ऐकलं होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "चाकाला आवाज नाही. जा."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आधी धर्मेंद्रला समजलं, मग लोकेशला, आणि दोघांचेही चेहरे असे पडले की मला तिथं उभं राहवेना. वळले तर खिडकीत हे उभे होते. माझे ओठ त्यांना तिथून नीट दिसत होते.

मी आत गेले. रिसीव्हर अजून लोंबकळत होता. हे खुर्चीत बसले होते. मी समोर गेल्यावर म्हणाले, "कुठी गेली होती तू?"

या सगळ्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं की मी तिथं असायची.

"फोन आला होता," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग त्या फोनकडे बघितलं, ज्याच्या लाइनी जोडत त्यांची नोकरी संपली होती. "वाजला का?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. 

नंतरच्या रविवारी लोकेश आणि धर्मेंद्र आले. दोघंही भले. "भाऊ, तुमी नुसते बसा आमच्यात," म्हणाले. हे बाहेर गेले नाहीत. पुढच्या रविवारीही आले, चहा पिऊन गेले. मग येणं थांबलं. ते आता धर्मेंद्रच्या दुकानामागं गाड्या उघडतात, असं कळलं. वैनी तुमी तरी या ऐकायला, असं लोकेश एकदा रस्त्यात म्हणाला आणि म्हणता म्हणता स्वतःच लाजला. मी कशी जाणार? ज्याच्यासाठी शिकले तो माणूस घरात बसलेला.

मारुती अंगणातच आहे. चाकांतली हवा गेली, बोनेटवरचा पाना तिथंच गंजला. परात मी घासून पुन्हा घरात घेतली. अंगण आता स्वच्छ असतं, त्याचं मी काय करू?

हे माझ्याशी भांडत नाहीत. जेवतात, झोपतात, रचनाच्या बाळाला मांडीवर घेतात. पण मला काही सांगायचं असलं की समोर जाऊन बसावं लागतं, म्हणजे ओठ दिसतील. मी जाऊन बसते. सांगायचं असतं की त्या दिवशी मी मुद्दाम गेले नव्हते. सांगायचं असतं की ते 'बरोबर आहे' मी धर्मेंद्रच्या पोरांसाठी म्हटलं, तुमची जागा घ्यायला नाही. मी ओठ उघडते आणि हे डोळे मिटून घेतात, पूर्वी गाडी ऐकताना मिटायचे तसेच. मग मी बोलले काय आणि न बोलले काय.