गार गाडीचं गाऱ्हाणं

शाश्वत म्हणजे काय, हे मला त्या परिषदेत कळलं. शाश्वत म्हणजे बहरीनच्या जून महिन्यात, भर दुपारी, गाडीचं इंजिन बंद ठेवून काचा खाली करून आत बसून राहणं. आणि सर्वसमावेशक म्हणजे सगळ्या ड्रायव्हरांनी तसं बसणं. त्यातून कुणालाही वगळलं नव्हतं.

समुद्राकाठच्या त्या मोठ्या हॉटेलात तीन दिवस देशोदेशीचे पाहुणे जमले होते. दारावर भलामोठा फलक होता, शाश्वत आणि सर्वसमावेशक विकासासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य. पार्किंगमध्ये दुसरा फलक, छोटा, हिरवा: उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवा. त्या हिरव्या फलकावर माझा राग नाही. धूर कुणाला हवा असतो? पण आमच्या कंपनीचा नियम असा, की पाहुणा दार उघडेल तेव्हा गाडी आतून गार हवी. इंजिन बंद आणि गाडी गार! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग परिषदेच्या ऑफिसातल्या अश्विनी मॅडमचा मेसेज आला की आम्ही गेटबाहेर पडायचं, एसी लावून रस्त्यावर चकरा मारायच्या आणि गाडी थंड करून आणायची. धूर व्हायचा तो होतच होता, फक्त फलकाला दिसत नव्हता.

एरवी गाडीतच बसायचं. ड्रायव्हरला लॉबीत मनाई. मी सुपरवायझरला विचारलं, "दुपारी उन्हात काम करायला बंदी आहे ना?"

तो हसला. "अर्शदभाई, तुम तो बैठे हो. काम किधर कर रहे हो?"

अश्विनी मॅडम परिषदेची सगळी व्यवस्था बघायच्या. पनवेलच्या, राहायला रिफाला. मराठी बोलतात म्हणून पहिल्या दिवशी आम्हाला केवढा आधार वाटला होता! आमच्यातला तुकाराम देवगडचा, मी खाडीच्या अलीकडचा, राजापूरकडचा. वयाने तोच मोठा, म्हणून तोच बोलला.

"बाय, आमका एक खोली बघ गो. खुर्ची नको, आमी जमनीर बसतलव. फकस्त गार होयी."

"काका, मी वर सांगितलंय. इंशाल्ला होईल."

इंशाल्ला दोन तऱ्हेचं असतं. माझी आई म्हणते ते एक, आणि ऑफिसात म्हणतात ते दुसरं. खोली काही मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी नावेद पडला. महाडचा पोरगा, शेजारच्याच गाडीत होता. मी पाणी द्यायला गेलो तर डोकं स्टिअरिंगवर, अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. आम्ही त्याला ओढून भिंतीच्या सावलीत आणलं, शर्ट भिजवला, वारा घातला. अॅम्ब्युलन्स लगेच आली, पण गार्डने तिला मागच्या गेटाकडे वळवलं. का? तर पुढच्या पायऱ्यांवर पाहुण्यांचा ग्रुप फोटो चालला होता. ती वळसा घालून येईपर्यंत नावेदचे हातपाय झटके देत होते. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुसैतीन भागात राहणाऱ्या त्याच्या बायकोला, अतिकाला, फोन मलाच करावा लागला. काय सांगायचं तिला? नवरा काही न करता बसला होता आणि बसल्याबसल्या मरायला टेकला?

तुकारामने टोपी काढली, गाडीच्या टपावर ठेवली आणि सरळ हॉटेलात शिरला. आम्ही त्याच्या मागे. गार्ड "मफी, मफी", म्हणजे नाही-नाही, करत आडवा आला, पण आम्ही बरेच होतो.

हॉलमध्ये कुणाचं तरी भाषण संपून टाळ्या चालू होत्या. तुकाराम मधल्या वाटेत उभा राहिला आणि हात जोडून त्याने गाऱ्हाणं घातलं. इथल्या मंडळाच्या गणपतीपुढे दरवर्षी तोच घालतो. त्याच्या आवाजाला माइक लागत नाही.

"बा म्हाराजा! आज ह्या गार हॉलात जमलेल्या समस्त थोरामोठ्यांनू, बारा मुलखांच्या धन्यांनू!"

दारातून आम्ही ओरडलो, "व्हय म्हाराजा!" लहानपणी खाडीपलीकडच्या जत्रेत आम्ही मुसलमानांची पोरंही असंच ओरडायचो. सवय आपोआप वर आली.

"तुमका गाडी गार होयी आणि इंजान बंद होया. मगे ती ड्रायव्हरान काय फुंकून गार करूची रे म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!"

"आमचो नावेद तुमच्या दारात पडलो. तेका नेवक इलेली गाडी मागच्या दारान घेतलास, तुमचो फोटो बिघडात म्हणान!"

"व्हय म्हाराजा!"

"तर म्हाराजा, आमका एक गार खोली दे. आणि उभ्या गाडीतलो ड्रायव्हर ज्या कोणाक माणूस वाटणा नाय, तेका एकदा त्या गाडीत बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अध्यक्षसाहेब, कुठल्याशा थंड देशाचे लाल गालांचे गृहस्थ, त्यांनी अश्विनी मॅडमकडे पाहिलं. हा माणूस काय म्हणतोय? आम्हाला सोडून सबंध हॉलात ते समजणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

मॅडमनी माइक घेतला आणि इंग्रजीत सांगितलं, "सर, ही आमच्या कोकणातली पारंपरिक प्रार्थना आहे. पाहुण्यांना सुख-समृद्धी लाभो, असं मागितलंय."

टाळ्यांचा कडकडाट! लोक उभे राहिले, मोबाइल वर झाले. अध्यक्षांनी येऊन तुकारामचे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. उद्या समारोपाला हेच पुन्हा हवं, म्हणाले.

बाहेर आल्यावर मी मॅडमना गाठलं. "लाज नाही वाटली?"

"अर्शदभाई, खरं सांगितलं असतं तर काकांचा व्हिसा उद्याच कॅन्सल झाला असता. माझाही."

"दोन्हींतला कुठला आधी आठवला, मॅडम?"

त्यांनी मान खाली घातली. मला कीव आली नाही. खोटं काय सांगू?

तुकाराम मात्र शांत होता. "उद्या घालतंय गाऱ्हाणा. पण एकट्याचा गाऱ्हाणा नसता बाय. व्हय म्हणणारे होये. सकाळपासना सगळे आत."

आणि सगळे आत आलो! तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गळ्यात कार्डं पडली, त्यांवर छापलं होतं, कलापथक. माणूस म्हणून एक खोली मागितली ती मिळाली नाही, आणि नाचे-गाणारे म्हणून अख्खा हॉल मिळाला. गाद्यांच्या खुर्च्या, कॉफी, खजूर. एसी इतका, की अंगावर काटा यावा. मी खजूर तोंडात घातला, पण गिळवेना. नावेद सलाइनवर होता. वेळेत आणलंत म्हणून वाचला, असं डॉक्टरांनी अतिकाला सांगितलं होतं.

दुपारी तुकारामने तेच गाऱ्हाणं पुन्हा घातलं, शब्दाला शब्द. मॅडमनी तोच अर्थ पुन्हा सांगितला, फक्त या वेळी त्यांचा आवाज चिरकला. पुन्हा टाळ्या. मग समारोप झाला आणि सगळ्यांना एकदमच विमानतळावर जायची घाई सुटली.

गाड्या सकाळपासून उन्हात उभ्या. गार कोण करणार? ड्रायव्हर तर कलापथकात होते. मॅडमचा मेसेज आला होता म्हणे, पण कलाकारांचे फोन सायलेंटवर होते.

अध्यक्षसाहेब माझ्या गाडीत मागे बसले. त्यांना पोहोचवायला अश्विनी मॅडम माझ्या शेजारी. मी काचा खाली केल्या आणि हात मांडीवर ठेवून बसलो. पुढे, रांगेच्या तोंडाशी, तुकारामची गाडी होती. तो खाली उतरून आरसा पुसत होता, अगदी निवांत, घरच्या देवाचं भांडं पुसावं तसा.

अध्यक्षांचं बोट पट्ट्याच्या बकलाला लागलं आणि ते कळवळले. "एसी लावा!"

"सर, पुढची गाडी हलेपर्यंत इंजिन लावता येत नाही," मी हिरवा फलक दाखवला. "तुमचाच नियम आहे."

त्यांनी टाय सैल केला, मग कोट काढला. लाल गाल आणखी लाल झाले. तुकाराम आता दुसऱ्या आरशाकडे वळला होता.

"हे भयंकर आहे!" ते ओरडले. "अशा गाडीत माणूस बसूच कसा शकतो?"

अश्विनी मॅडमच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्या वळून बसल्या.

"सर, काल आणि आज तो हेच विचारत होता," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ती प्रार्थना नव्हती. मी खोटं सांगितलं."

अध्यक्षांची नजर त्या हिरव्या फलकाकडे गेली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मोठ्याने म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

रांगेतल्या सगळ्या गाड्यांच्या काचा खाली होत्या. मागून एकेक करत सगळ्यांनी ओ दिली.